राधा वर्मा आठवते का? सुप्रिया पिळगांवकर यांच्या विनोदाबद्दल

गॅलरीतली तुळस

गेल्या रविवारी आईच्या गुडघ्याला शेक देत बसले होते. वेळ जावा म्हणून मोबाईलवर 'तू तू मैं मैं'चे जुने भाग लावले. एक बघू म्हणता म्हणता पाच झाले, शेकाची पिशवी कधीच गार होऊन गेली.

१९९४ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा मी सहावीत होते. डोंबिवलीला दीड खोली, कपाटावर टीव्ही, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर. आजी पलंगावर, आई ओट्याशी. दोघी एकमेकींना कधी वावगं बोलायच्या नाहीत. पण मालिकेतल्या सासूने, देवकीने (रीमा लागू) टोमणा मारला की आजी "बरोब्बर!" म्हणायची, आणि सुनेने, राधाने (सुप्रिया) परतफेड केली की ओट्यावर उलथनं कढईत जरा जोरात आपटायचं. घरातलं राजकारण मी असं टीव्हीसमोर बसून शिकले.

तेव्हा माझी नजर रीमाताईंवरच असायची. आवाज त्यांचा, रुबाब त्यांचा. या रविवारी मात्र वेगळंच झालं. टोमणा देवकी मारते, पण हसू येतं ते राधाच्या चेहऱ्याकडे बघून. सुप्रिया लगेच उत्तर देत नाही. आधी तोंडभर हसते, "हो आई" म्हणेल असं वाटतं, मग डोळे बारीक होतात, आणि आपल्याला कळतं की आता काहीतरी येणार. ते येण्याच्या आधीच आपण हसलेलो असतो.

मग बसल्या बसल्या त्यांची बाकीची कामं आठवायला लागले. १९८४ चा 'नवरी मिळे नवऱ्याला' हा पहिला चित्रपट, तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या, सुप्रिया सबनीस. दिग्दर्शक सचिन. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. १९८८ मध्ये 'माझा पती करोडपती' आणि 'अशी ही बनवाबनवी'. २००४ मध्ये 'नवरा माझा नवसाचा'. मधली सहा वर्षं राधा वर्मा.

आणि एक गोष्ट खटकली. 'बनवाबनवी'त विनोदी बाईचं काम कोणी केलं? सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी, साडी नेसून. सुधा आणि पार्वती. खऱ्या बायका चार होत्या: अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता जोशी, प्रिया अरुण. त्यांच्या वाट्याला मुख्यत्वे फसणं आणि गाणं. चित्रपट मला अर्धाअधिक पाठ आहे, आजही लागला की हातातलं काम टाकून बघते, तक्रार नाही. पण हे इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे सुप्रियाला पोटभर विनोद करायला मिळाला तो टीव्हीवर. आणि आपण त्यांच्याबद्दल बोलताना 'सचिनची बायको' नाहीतर 'रीमाची सून' याच्या पुढे जातच नाही. तुम्हाला काय वाटतं?

नुसताच वाचक

अगदी अगदी! आमच्याकडे जेवणाची ताटं त्या वेळेनुसार वाढली जायची. झीवर लागायची ना ही? आणि रीमा लागू तेव्हा पन्नाशीच्या असतील.

चिकित्सक

झीवर नाही. आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर, नंतर स्टार प्लसवर, २००० पर्यंत. दिग्दर्शन सचिन यांचंच.

आणि वयाचं म्हणाल तर रीमा लागूंचा जन्म १९५८ चा. मालिका सुरू झाली तेव्हा छत्तीस. सुप्रिया १९६७ च्या, म्हणजे सत्तावीस. सासू-सुनेत नऊ वर्षांचं अंतर! थोरली जाऊ म्हणून शोभल्या असत्या. तरी कोणाला शंका आली नाही, यात दोघींचंही कसब आलं.

धागाकर्तीच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती. 'बनवाबनवी'त बायकांना विनोद नव्हता असं नाही. नयनतारांच्या लीलाबाई काळभोर विसरलात? हिराॅइनला नव्हता, असं म्हणा. त्या काळच्या मराठी चित्रपटात बाईला हशा घ्यायचा तर वयस्कर व्हावं लागे, नाहीतर खाष्ट. दया डोंगरे बघा. तरुण आणि दिसायला बरी असली की तिने रुसायचं, पळायचं, शेवटी अंतरपाटामागे उभं राहायचं.

गॅलरीतली तुळस

चिकित्सक, लीलाबाईंबद्दल कान पकडते. पण तुम्ही माझाच मुद्दा नीट करून दिलात. सत्तावीस वर्षांची, सुंदर, नीटनेटकी साडी नेसलेली सून आणि तिला अर्ध्या तासातला निम्मा हशा! हे त्याआधी कुठे होतं?

चिकित्सक

होतं की. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी', त्यात स्वरूप संपत. शफी इनामदार, राकेश बेदी, सतीश शाह यांच्या मध्ये उभी राहून ती बाई हशा घेत होती. तेव्हा सुरुवात टीव्हीनेच केली हे खरं, पण 'तू तू मैं मैं'च्या दहा वर्षं आधी.

तिसरी घंटा

हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं घासली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

विनोदी प्रवेशात दोन कामं असतात. एकाने फीड द्यायचा, म्हणजे विनोदाची तयारी करून द्यायची, दुसऱ्याने पंच मारायचा, म्हणजे हशाचं वाक्य टाकायचं. प्रेक्षकांना पंच मारणारा लक्षात राहतो. पण ज्यांनी कधी तोंडाला रंग लावलाय त्यांना माहीत असतं की फीड वाईट पडला तर पंच जमिनीत जातो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा माझ्या हमखास लाफ्टरच्या वाक्यावर समोरच्या गृहस्थांनी, प्रेक्षक हसायला तोंड उघडतायत तोवरच, आपलं पुढचं वाक्य दणकून टाकलं. हशा अर्ध्यात मेला. त्याला आम्ही 'लाफ्टर खाणं' म्हणतो. चूक त्यांची नव्हती, त्यांना थांबायची भीती वाटली. रंगमंचावर गप्प उभं राहणं हे बोलण्यापेक्षा दहापट अवघड.

सुप्रियाला थांबायची भीती वाटत नाही. तुळसताईंनी जे लिहिलंय, आधी हसू, मग डोळे बारीक, ती थांबण्याची जागा आहे. ती मोकळी ठेवत नाही, चेहऱ्याने भरते. आणि गंमत म्हणजे 'तू तू मैं मैं'मध्ये फीड आणि पंच सारखे हात बदलतात. एका वाक्याला देवकी फीड, राधा पंच, पुढच्याला उलट. टेबल टेनिससारखं. रीमाताई नाटकातून आलेल्या, आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, स्वतः 'पुरुष', 'सविता दामोदर परांजपे' अशी जड नाटकं पेललेल्या. त्यांच्यासमोर दचकून नव्या मुलीचा आवाज चढतो. सुप्रियाचा चढत नाही. उलट रीमाताई वर गेल्या की ती आवाज खाली आणते. भांडणात आवाज खाली आणणारी माणसं जास्त डेंजर असतात, हे लग्न झालेल्या सर्वांना ठाऊक आहेच. :)

सून क्रमांक दोन

मी थोडा विरोधी सूर लावते. सासू-सुनेचं भांडण हा विनोद म्हणून आपण किती वर्षं चघळणार? 'खट्याळ सासू नाठाळ सून' झालं, 'तू तू मैं मैं' झालं. बायका स्वयंपाकघराच्या ताब्यावरून भांडणार आणि पुरुष पेपर वाचत बसणार. सुप्रिया गुणी आहेत यात वाद नाही, पण त्या गुणांना खाद्य काय मिळालं? मी स्वतः एकत्र कुटुंबात चौदा वर्षं काढली आहेत. त्यात हसण्यासारखं फारसं नसतं हो. माझ्या सासूबाईंनी फोडणीच्या मोहरीचा डबा लपवून ठेवला होता. खरंच. तीन दिवस.

गॅलरीतली तुळस

मोहरीच्या डब्यावर एक अख्खा भाग झाला असता!

तुमचं म्हणणं पटतं. पण एक फरक बघा. त्या मालिकेत दोघी समान ताकदीच्या आहेत. आज ही जिंकली, उद्या ती. कोणी कोणाला जिन्यावरून ढकलत नाही, दुधात काही मिसळत नाही. २००० मध्ये 'तू तू मैं मैं' संपली आणि त्याच वर्षी स्टार प्लसवरच 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. भांडण तेच राहिलं, फक्त त्यातलं हसू गेलं आणि मागे ढॅण ढॅण संगीत आलं. मला विचाराल तर आधीचं बरं होतं.

सून क्रमांक दोन

हे मान्य. ढॅण ढॅणपेक्षा मोहरी परवडली.

कोल्हापुरी रस्सा

सगळे सुप्रियाच्या कौतुकाला लागलेत म्हणून मुद्दाम लिहितोय. मालिका रीमाचीच होती. १९९४ हे एकच साल घ्या. 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरीची सोज्वळ आई. 'श्रीमान श्रीमती'त कोकी, समोर जतिन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंह. आणि 'तू तू मैं मैं'मध्ये देवकी. तीन बायका, तिघींची चाल वेगळी, पदर सावरायची तऱ्हा वेगळी. पाच वर्षांनी 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई, आणि संजय दत्त तिच्यापेक्षा फक्त एका वर्षाने लहान! १८ मे २०१७ ला गेली ती साठीही न गाठता, आदल्या दिवसापर्यंत शूटिंग करत. तेव्हा पेपरांनी 'पडद्यावरची आई गेली' असे मथळे दिले. माझ्या मनात आलं, अरे, आई गेली ते ठीक, पण कोकी आणि देवकीचं काय? विनोदी कामाला आपल्याकडे दुय्यमच धरतात.

तेव्हा दुर्लक्ष झालं असेल तर ते दोघींचं झालं. एकटीचा धागा काढू नका.

तिसरी घंटा

रस्साभाऊ, शंभर टक्के. टेबल टेनिस एकट्याने खेळता येत नाहीच. पण रीमाला 'आई' म्हणून तरी जागा मिळाली. सुप्रियाला कुठल्याच खणात टाकता येत नाही, म्हणून ती राहून जाते.

रीळ

मी चित्रपटांकडे वळतो. 'माझा पती करोडपती' पुन्हा बघा अशी सर्वांना विनंती. करोडपती नवरा मिळवायचा चंग बांधलेली मुलगी, आणि कथेची चाकं तीच फिरवते. १९८८ च्या मराठी चित्रपटात नायिका खोटं बोलते, डाव टाकते, डाव फसला की नवा टाकते आणि तरी प्रेक्षक तिच्या बाजूने असतात, हे मला अजून नवलाचं वाटतं. त्याच वर्षी 'बनवाबनवी' आला आणि इतका चालला की हा झाकला गेला.

आता 'नवरा माझा नवसाचा'. वडिलांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीला नवस बोललेला, मुलाला नागवं दर्शनाला आणीन म्हणून. नवस राहून गेला, मुलगा वाढून बाप्या झाला, आणि आता फेडायचा कसा? निम्मा चित्रपट एसटीत, अशोक सराफ कंडक्टर. सगळे विनोदवीर आपापला तुकडा घेऊन चढतात आणि उतरतात. सुप्रिया पूर्णवेळ गाडीत. तिची भक्ती नवसाच्या बाबतीत एक टक्काही गंमत करत नाही. तिच्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. म्हणून तर चित्रपट उभा राहतो! ती जर प्रेक्षकांना डोळा मारत 'बघा किती वेडेपणा' अशा थाटात वावरली असती तर पहिल्या अर्ध्या तासात गाडी बंद पडली असती. ज्या बाईचा गणपतीवर असा विश्वास असतो ती प्रत्येकाच्या घरात एक असतेच. आमच्याकडे मावशी. तिने माझ्या बारावीसाठी बोललेला नवस माझ्या मुलीच्या बारशानंतर फेडला, आणि मला गाडी चालवायला लावली ते वेगळंच.

त्याच २००४ मध्ये ही बाई 'ऐतबार'मध्ये अमिताभची बायको होती, बिपाशाची आई. गंभीर, घाबरलेली. एका वर्षातली ही दोन टोकं.

नुसताच वाचक

पण खरं सांगा, नवरा दिग्दर्शक नसता तर यातलं किती मिळालं असतं? रागावू नका, विचारतोय.

चिकित्सक

प्रश्न रास्त आहे. 'नवरी मिळे', 'करोडपती', 'बनवाबनवी', 'तू तू मैं मैं', 'नवसाचा' ही सगळी घरचीच. पण मग 'ससुराल गेंदा फूल' घ्या. २०१० ते २०१२, स्टार प्लस, जुन्या दिल्लीतलं कश्यप कुटुंब. शैलजा, घरातली बडी माँ. सचिन यांचा काही संबंध नाही. सोशीक बाई, पण सोशीकपणात एक तिरकस कोपरा होता. नंतर सोनीवर 'कुछ रंग प्यार के ऐसे भी' (२०१६), त्यातली ईश्वरी. मुलाला मुठीत ठेवणारी आई, सुनेशी शीतयुद्ध.

मी उलट विचारतो. घरच्या चित्रपटांनी काम दिलं, पण त्यामुळेच बाहेरच्या विनोदी दिग्दर्शकांनी 'त्या तर सचिनच्याच' म्हणून विचारलं नसेल, असंही झालं असेल ना? याचं उत्तर तुमच्याकडे नाही नि माझ्याकडेही नाही, पण प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. नव्वदीत आम्ही इंडियन स्टोअरमधून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायचो. कॅसेटवर बॉलपेनने 'टी टी एम एम' लिहिलेलं असायचं, आणि मधल्या जाहिराती पळवत बसायला लागायचं. खरं सांगू का, मी जाहिरातीच जास्त मन लावून बघायचे. निरमा आणि पार्ले बघून रडू यायचं.

चिकित्सकांनी ईश्वरीचं नाव काढलं म्हणून लिहायचं धाडस केलं. मी ती मालिका माझ्या सुनेबरोबर बघितली. सून गुजराती, हिंदी छान येतं तिला. राधा वर्मा माहीत नाही. तिच्यासाठी ही बाई म्हणजे पोराला सोडत नाही ती सासू. मला मात्र ईश्वरी कधी पूर्ण खलनायिका वाटलीच नाही, कारण तोच चेहरा सून म्हणून मी पंचवीस वर्षं ओळखते. मुलगा सुनेच्या बाजूने बोलला की ईश्वरी आधी हसते. तेच हसू! तुळसताई म्हणतात ते. फक्त नंतर डोळे बारीक व्हायच्या ऐवजी भरून येतात. मी सुनेला सांगितलं, बघ, हीच जागा पूर्वी हसायची होती. तिला काही कळलं नाही, पण तिने माझ्याकडे जरा सावधपणे पाहिलं.

तिसरी घंटा

सातासमुद्रापार ताई, तुमच्या या एका परिच्छेदासमोर माझं फीड-पंच सगळं फिकं.

सून क्रमांक दोन

+१. ताई, तुमच्या सुनेला या धाग्याची लिंक देऊ नका. :)

कोल्हापुरी रस्सा

'तुझं माझं जमेना' कोणी बघितली होती का? २०१३ च्या आसपास, झी मराठीवर. रीमा पुन्हा सासू, समोर मनवा नाईक सून. मराठीत बोलणारी देवकीच म्हणा. मला आवडली होती, पण समोर राधा नाही हे सारखं जाणवायचं. म्हणजे बघा, मीच तुमच्या बाजूला आलो की काय.

गॅलरीतली तुळस

रस्साभाऊ, आलातच. आम्ही रस्त्यात पायघड्या घालून ठेवल्या होत्या.

रीळ

'नवरा माझा नवसाचा २' (२०२४) थिएटरात पाहिला. या वेळी एसटीऐवजी कोकण रेल्वे, अशोक सराफ टीसी. पहिल्याची सर नाही, स्पष्टच सांगतो, रेल्वेच्या डब्यात एसटीची ठेचकाळणारी मजा येत नाही. पण सुप्रिया पडद्यावर आली तेव्हा माझ्या शेजारच्या काकू आपल्या नातीला म्हणाल्या, "ही तू तू मैं मैंवाली." चित्रपट चालू होता 'नवसाचा'चा, आणि आठवण कुठली!

नुसताच वाचक

आमच्याकडे 'नच बलिये'वाली म्हणतात. २००५ ला पहिलं पर्व दोघांनी जिंकलं होतं, आईने पेढे वाटले होते, जणू आमच्याच घरातलं लग्न.

गॅलरीतली तुळस

काल हा सगळा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. शेक चालूच आहे. आजीच्या "बरोब्बर"वर ती हसली, उलथन्याचं मात्र कबूल करत नाही. म्हणते, कढई हलकी होती, आवाज व्हायचाच.

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "एवढी माणसं एवढं बोलली, आणि कुलदीप पवारांचं नाव कोणी घेतलं नाही? सासऱ्याचं काम केलेलं त्यांनी. त्या दोघींच्या मध्ये बसायचे बिचारे." मी म्हटलं, अगं, तो धागा सुप्रियाचा आहे. तर म्हणाली, "असू दे. तो कोल्हापूरचा कोण लिहितोय ना, त्याला तरी आठवायला हवं होतं."

कोल्हापुरी रस्सा

काकूंना साष्टांग नमस्कार सांगा. आमच्याच गावचा माणूस आणि मीच विसरलो. नवीन धागा काढतो.